खाडी पडद्यावर मांडताना : प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

काम पक्कं झालं. ठाण्यातल्या एका जुन्या ग्रंथालयाच्या तळमजल्यावर, वर्तमानपत्रांच्या टेबलांना लागून, ४३ इंची उभा टचस्क्रीन बसणार आहे. विषय ठाण्याची खाडी. उद्घाटन २ फेब्रुवारीला, जागतिक पाणथळ दिनी. १९७१ साली त्याच तारखेला इराणमधल्या रामसर गावी पाणथळ जागांचा करार झाला होता आणि आपली खाडी २०२२ पासून त्या कराराच्या यादीत आहे.

साहित्य पेन ड्राइव्हमध्ये मिळालं. फोटो, जुने नकाशे, निवृत्त शिक्षकांनी लिहिलेले लेख, पक्ष्यांच्या याद्या. फोल्डरांची नावं पक्षी, झाडे, इतिहास, प्रदूषण, इतर. समितीतल्या एका ज्येष्ठ सभासदांनी लगेच तोडगा काढला, "फोल्डर आहेतच की. त्यांचीच पाच बटणं करा, झालं काम."

घरी येऊन 'इतर' उघडलं. मिठागरं, जाळ्यांचे प्रकार, वाशीचा पूल, भरतीची वेळ, चेंदणी कोळीवाड्यातले फोटो. खरी खाडी सगळी 'इतर'मध्येच आहे.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

साहित्याची मोजदाद. एकेक गोष्ट एकेका ओळीत : काय आहे, कुठलं आहे, केव्हाचं, कुणी दिलं, वापरायची परवानगी आहे का. लांब लेख फोडून त्यांच्या छोट्या नोंदी केल्या. उभ्याने वाचणारा माणूस एका पडद्यावर पाच-सहा ओळींपलीकडे जात नाही, त्यामुळे एक नोंद म्हणजे एकच गोष्ट.

दोन लेखांत खाडीच्या संरक्षित क्षेत्राचे दोन आकडे सापडले, एकात साधारण १७ चौरस किलोमीटर, दुसऱ्यात ६५. दोन्ही बरोबर आहेत. २०१५ साली जाहीर झालेलं फ्लेमिंगो अभयारण्य पहिल्या आकड्याचं. भोवतालचा संवेदनशील पट्टा धरून रामसर क्षेत्र दुसऱ्या आकड्याचं. पडद्यावर आकडा नुसता द्यायचा नाही, नकाशावरची हद्द सोबत दाखवायची.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आज कार्ड सॉर्टिंग, म्हणजे नोंदींचे गट वाचकांनाच लावायला सांगायचं. नोंदी जाड कागदावर छापल्या, पुढे नाव आणि एक ओळ, मागे क्रमांक. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत तीन टेबलं लावली. जे एकत्र असावंसं वाटतं ते एकत्र ठेवा, ढिगाला नाव सुचलं तर द्या, एवढंच सांगितलं. आम्ही भिंतीला टेकून गप्प बसलो. गप्प बसणं हेच यातलं अवघड काम, कारण माणूस अडला की मदतीला जावंसं वाटतं आणि मदत केली की तो आपल्याच डोक्यातला ढीग लावतो.

पहिल्या टेबलावर रोज पेपर वाचायला येणारे निवृत्त लोक. त्यांनी सगळं काळावर लावलं. पेशव्यांच्या वेळचं, इंग्रजांच्या वेळचं, आमच्या लहानपणीचं, हल्लीचं. निवटी मासा 'आमच्या लहानपणी'त गेला, कारण तेव्हा तो कळव्याच्या बाजूला ढिगाने दिसायचा म्हणे.

दुसऱ्या टेबलावर सातवीतली मुलं. ढिगांची नावं : उडतं, चावतं, खाता येतं, बोअर. 'बोअर'मध्ये ठाण्याचा किल्ला, अधिसूचना आणि पहिली रेल्वे. रेल्वे बोअर कशी वाटते हे मला विचारायचं होतं, पण नियम म्हणजे नियम.

तिसऱ्या टेबलावर चेंदणीच्या दोन मासळीवाल्या मावशी. त्यांचं काम सगळ्यात झपाट्याने झालं. एकीने कार्ड उचलायचं, दुसरीने बोट दाखवायचं. "ही चिखलानची. ती पान्यानची." चिंबोरी, निवटी, बगळा आणि तिवर या खारफुटीच्या झाडाची मुळं एका ढिगात. बगळा पक्ष्यांत नको का, असं आमच्या गटातल्या चित्रकार मुलीच्या तोंडून निघून गेलंच. मावशी म्हणाली, "तो जेवतो कुठं?" तिसरा ढीग काठावरचा. तिवराचं झाड मात्र कुठल्याच ढिगात गेलं नाही; कार्ड चिखल आणि काठ यांच्या मधोमध, अर्धं इकडे अर्धं तिकडे, असं ठेवलं.

मिठागराचं कार्ड तिन्ही टेबलांवर तीन ठिकाणी गेलं. निवृत्तांनी ते लहानपणात टाकलं, मुलांनी 'खाता येतं'मध्ये, मावशींनी काठावर.

३ डिसेंबर, मंगळवार

कोणती दोन कार्डं किती वेळा एका ढिगात आली याचा तक्ता आमच्या प्रोग्रामरने काढला. निवटी, चिखल, बगळा घट्ट बांधलेले. मिठागराची कुणाशीच पक्की जोडी नाही. अशा वेळी तो विषय गाळायचा किंवा 'इतर'मध्ये लोटायचा मोह होतो. माझं मत उलटं आहे. जे कार्ड प्रत्येकाने वेगळ्या ढिगात ठेवलं, त्याला एकच घर दिलं तर बाकी सगळे त्याला मुकतात. उधाणाचं पाणी आत घेऊन वाफ्यांत उन्हाने आटवायचं, हे मिठागर म्हणजे एकाच वेळी भरती, जमीन, आगरी माणसाचा धंदा आणि शहराचा इतिहास आहे.

याहून मोठी अडचण फ्लेमिंगोची. फोल्डरांची बटणं केली तर फ्लेमिंगो 'पक्षी'खाली आणि सांडपाणी 'प्रदूषण'खाली जाईल. पहिल्या बटणावर गेलेला माणूस खूश होऊन परतेल, दुसऱ्यावर गेलेला हळहळून, आणि हे एकच प्रकरण आहे याचा दोघांनाही पत्ता लागणार नाही. छोटा फ्लेमिंगो या जातीचं मुख्य खाणं म्हणजे चिखलावरचं डोळ्याला न दिसणारं शेवाळ. शहराच्या सांडपाण्यातून येणारा नायट्रोजन आणि फॉस्फरस ते शेवाळ वाढवतो. १९९०च्या दशकापासून हे पक्षी इथे मोठ्या संख्येने येऊ लागले, त्यामागच्या कारणांत अभ्यासक हेही एक धरतात. त्याच पाण्याने कोळ्यांची मासळी घटवली. पाणी, पक्षी, मासळी ही तीन कार्डं एका धाग्यातली आहेत आणि बटणाखाली बटण अशी झाडासारखी फांद्यांची रचना तो धागाच कापते.

समितीत हे मांडलं. एक बाई काळजीत पडल्या, "म्हणजे घाण पाणी चांगलं, असं नाही का वाटणार लोकांना?" शंका रास्त आहे. नुसता 'हेही पाहा' असा दुवा दिला तर वाचणारा वाटेल तो अर्थ काढेल. म्हणून ठरवलं की दुव्यावर क्रियापद लिहायचं. 'सांडपाणी' कडून 'शेवाळ' कडे : वाढवतं. 'छोटा फ्लेमिंगो' कडून 'शेवाळ' कडे : खातो. 'सांडपाणी' कडून 'मासळी' कडे : मारतं. तिन्ही दुवे एकाच पडद्यावर दिसले की गैरसमजाला जागा उरत नाही.

आजपासून नोंदींच्या तक्त्याशेजारी दुसरा तक्ता, दुव्यांचा. तीन रकाने : कुठून, काय करतं, कुठे.

९ डिसेंबर, सोमवार

बैठक लांबली. मुख्य पडद्यावर किती बटणं, यावर वाद. कुणीतरी 'माणसाला सातच गोष्टी लक्षात राहतात' हा दाखला काढला. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांचा तो १९५६चा लेख स्मरणात काय धरून ठेवता येतं याविषयी आहे. डोळ्यांसमोर दिसत असलेली बटणं कुणाला पाठ करायची नसतात. हे मी जरा जास्तच जोरात सांगितलं बहुतेक, कारण नंतर चहा येईपर्यंत कुणी बोललं नाही.

ग्रंथपाल मॅडमनी शांतपणे विषय पुढे नेला. "तुम्ही जे म्हणताय ते रंगनाथनांनी पुस्तकांसाठी केलंच आहे." ग्रंथालयशास्त्रज्ञ शियाली रामामृत रंगनाथन यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धत १९३३ सालची. विषयाला आधीच ठरलेल्या एका कप्प्यात कोंबण्याऐवजी त्याचे पैलू वेगळे करायचे (मुख्य वस्तू, ती कशाची, तिच्यावर काय क्रिया, कुठे, केव्हा) आणि गरजेप्रमाणे जोडायचे. ज्याला आज वेबसाइटवाले फॅसेट म्हणतात ते हेच. गंमत म्हणजे मॅडमच्या कपाटांत पुस्तकं अजून जुन्याच दशांश पद्धतीने लावलेली आहेत. विचारलं तर म्हणाल्या, "पुस्तक एका वेळी एकाच फळीवर ठेवता येतं हो. तुमच्या पडद्याला फळी कुठे आहे?"

१६ डिसेंबर, सोमवार

पैलू ठरले. प्रत्येक नोंदीला चार प्रश्नांची उत्तरं : कुठे राहतं (पाणी, चिखल, काठ, शहर), केव्हा दिसतं, कुणाचं काम, आणि कशाशी नातं. पहिल्या प्रश्नाचे कप्पे मावशींच्या टेबलावरून जसेच्या तसे उचलले, फक्त 'शहर' आमचं. मुख्य पडदा म्हणजे खाडीचा उभा छेद. वर शहर, मग काठ, चिखल, खाली पाणी. नोंदी त्या त्या थरात चित्ररूपाने. तिवर दोन थरांत पसरलेलं.

यात पाठ्यपुस्तकी शिस्त नाही, हे समितीला खटकलं. झाडांविषयीच्या नोंदी सलग वाचायच्या असतील तर? त्यासाठी गाळणी आहे. 'झाडं' दाबलं की तिवर, कांदळ, काजळा, चिप्पी उजळतील, बाकी फिकट. महाराष्ट्राने २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला, तर तिला छोटा बिल्ला.

७ जानेवारी २०२५, मंगळवार

'केव्हा दिसतं' याचं उत्तर आमच्याकडे फक्त महिन्यांत होतं : फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबर ते मे, मीठ हिवाळ्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत. आज चेंदणीत एका म्हाताऱ्या नाखवांकडे गेलो. मी विचारलं, "नाखवा, फ्लेमिंगो बघायला कुठल्या महिन्यात यावं?" ते म्हणाले, महिना सोडा, वेळ विचारा. पाणी चढलेलं असताना आलात तर चिखल पाण्याखाली, पक्षी पांगलेले. ओहोटीला या.

मग त्यांनी वेळ काढून दाखवली. तिथी घ्यायची, पाऊणकी म्हणजे पाऊणचा पाढा म्हणायचा. आज पौष शुद्ध अष्टमी. आठ पाऊण सहा. म्हणजे भरती सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळी. मधे दुपारी बाराला पाणी उतरलेलं. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, त्याचं हे गणित, आणि ते कागदाशिवाय, हातातलं जाळं न थांबवता. पुनवेला आणि अवसेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे सगळ्यात लहान भरती. खाडीच्या आतल्या तोंडाला पाणी मुंबई बंदरापेक्षा उशिरा पोचतं, ते त्यांनी अंदाजाने जोडलं.

त्यांच्या परवानगीने आवाज ध्वनिमुद्रित केला. परवानगीचा कागद त्यांच्या सुनेने वाचून दाखवला आणि 'दुसरीकडे कुठे वापरायचा नाही' ही ओळ तिने स्वतः वाढवून घेतली. बरं केलं.

१० जानेवारी, शुक्रवार

प्रोग्रामर म्हणतो, पडद्याला भरतीची वेळ माहीत असू शकते. सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते काढते, त्यात मुंबईच्या अपोलो बंदराचे आकडे असतात. वर्षाची फाइल पडद्यातच ठेवायची, इंटरनेट नको. नाखवांची पाऊणकी ही वेगळी नोंद म्हणून राहील, पण पडदा चालेल छापील तक्त्यावर.

त्याचा उत्साह इतका की ओहोटीला चिखलाचा थर वर सरकवावा, भरतीला पाण्याचा, असा नमुना त्याने करूनच आणला. दिसायला झकास. तरी मी अडून बसलो. कालच्या माणसाला निवटी जिथे सापडली तिथेच ती उद्याही सापडली पाहिजे. पत्ता बदलणारं घर कुणाच्या लक्षात राहील? मधला मार्ग निघाला. जागा पक्क्या, उजेड बदलणार. आता ओहोटी असेल तर चिखलातल्या नोंदी ठळक आणि पाण्यातल्या मंद. दाबल्या मात्र सगळ्याच उघडतात. वर एक ओळ : 'आता ओहोटी लागली आहे. चिखल उघडा होतो आहे.'

"अरे, हे तर तुझ्या हलत्या थरांपेक्षा सोपं आहे," असं मी म्हटलं. तो म्हणाला, म्हणूनच मला आवडलं नव्हतं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. काम बंद.

१७ जानेवारी, शुक्रवार

इतिहास कुठे बसवायचा, हे आजवर टाळत आलो होतो. पहिली कल्पना बाजूला काळाची पट्टी, बोटाने सरकवायची. करून बघितली. १७३७ वर नेली की एकच नोंद उजळते, मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला ठाण्याचा किल्ला. बाकी पडदा विझलेला. कारण साधं आहे, निवटीला सन नसतो. बहुतेक नोंदींना काळच नाही, त्यांना काळाच्या पट्टीवर टांगणं म्हणजे पट्टीची हौस.

जागेला मात्र इतिहास आहे. म्हणून काळ हा वेगळा रस्ता न करता जागेच्या आत ठेवला. किल्ला दाबला की त्याच चौकटीत थर : पोर्तुगीजांनी सुरू केलेलं बांधकाम, १७३७, १७७४ मध्ये इंग्रजांचा ताबा, आजचं मध्यवर्ती कारागृह. रेल्वेला तसंच. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून गाडी ठाण्यापर्यंत आली. खाडी ओलांडून कल्याणला पोचायला १ मे १८५४ उजाडला. हे मधलं वर्ष बहुतेकांना माहीत नसतं, आणि खाडीच्या पडद्यावर नेमकं तेच महत्त्वाचं, कारण तेवढ्यात खाडीवर पूल झाला. पूल म्हटले की मग वाशीचा १९७३चा, त्याच्या शेजारचा १९९७चा, ऐरोलीचा १९९९चा. दुव्यांच्या तक्त्यात 'पूल' कडून 'प्रवाह' कडे : अडवतो. 'पूल' कडून 'नवी मुंबई' कडे : जोडतो. एकाच वस्तूची दोन क्रियापदं शेजारी आली की न लिहिताही बरंच सांगून होतं.

मुलांच्या 'बोअर' ढिगातली रेल्वे आता पाण्याच्या थरावरून जाते.

२० जानेवारी, सोमवार

नमुना खऱ्या पडद्यावर, खरे वाचक. थेट प्रश्न दिले : मिठागरात पाणी कधी घेतात ते शोधा, चिंबोरी कोण खातं ते शोधा.

मिठागराला लोक तीन वाटांनी पोचले आणि तिन्ही चालल्या. काही काठावरून गेले, काही उधाणाच्या नोंदीतून, एक गृहस्थ चक्क किल्ल्यावरून नकाशात आणि तिथून. चिंबोरीत मात्र गोंधळ. दुव्यांची दिशा कळत नव्हती. 'चिंबोरी खाते' आणि 'चिंबोरीला खातात' हे दोन्ही दुवे सारखेच दिसत होते. आता क्रियापदाऐवजी पूर्ण वाक्य : 'चिंबोरीला माणूस खातो.' जागा थोडी जास्त लागते, लागू दे.

उंची. सगळ्यात वरचं बटण जमिनीपासून १२२ सेंटिमीटरच्या आत आणायचं ठरलंय. व्हीलचेअरवरच्या माणसाच्या हाताच्या पोचीसाठी अमेरिकी नियमांत तेवढीच मर्यादा आहे, आणि तिसरीतल्या मुलालाही ती सोयीची. त्यावरच्या भागात फक्त चित्र आणि भरतीची ओळ.

कुणी हात लावला नाही की पडदा आपोआप मुख्य चित्रावर परततो. प्रोग्रामरने एक मिनिट ठेवलं होतं. एक आजोबा चष्मा पुसून पाऊणकीची नोंद वाचत होते आणि ती त्यांच्यासमोरून गेली. ते आमच्याकडे वळून म्हणाले, "दमदाटी करतो का हा?" वेळ वाढवलीच, शिवाय आधी 'अजून वाचताय का?' असं विचारेल आणि उत्तराला निदान २० सेकंद देईल. वेब सुलभतेच्या जागतिक निकषांतही हाच आकडा आहे.

२४ जानेवारी, शुक्रवार

शोधपेटी काढून टाकली. उभ्या पडद्यावर मराठी टाइप करणं म्हणजे शिक्षा, आणि मागे रांग असेल तर जास्तच. तिच्या जागी अक्षरसूची.

सूची तयार झाली आणि ग्रंथपाल मॅडमनी दोन मिनिटांत ती परत पाठवली. 'क्षारता' क च्या शेवटी, कोळंबीच्या खाली बसली होती. युनिकोडच्या क्रमांकांवर नुसतं लावलं की असंच होतं; 'क्ष' त्याच्या दृष्टीने क, हलन्त आणि ष. 'ळ' तिथे ल ला लागूनच येतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. मराठीचा क्रम वेगळा सांगावा लागतो. प्रोग्रामरने तो घातला, तरी मॅडमनी छापील यादी हातात घेऊन पेन्सिलने एकेक ओळ तपासली. संगणकाला मराठी आली हे त्या इतक्यात मानायला तयार नाहीत.

अक्षरं 'मुक्त' या फॉन्टची. मुंबईच्याच 'एक टाइप' या संस्थेने केलेला, मोफत वापरता येणारा. बटणांची उंची वाढवावी लागली. वर रफार आणि खाली उकार असलेल्या शब्दांना इंग्रजी बटणाच्या मापात श्वास घेता येत नाही.

३० जानेवारी, गुरुवार

पडदा बसला. वायर भिंतीतून नेण्यावरून इलेक्ट्रिशियन आणि समिती यांच्यात जे झालं ते इथे लिहीत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

रविवारी उद्घाटन झालं. अकराच्या सुमारास वरच्या ओळीत 'भरती चढते आहे' असं होतं. पाहुण्यांना ते शोभेचं वाक्य वाटलं असावं. नाखवांनी मात्र मान हलवून बोटं मोजली आणि प्रोग्रामरच्या पाठीवर थाप मारली. सांडपाण्याच्या दुव्यांवर एक नगरसेवक बराच वेळ थांबले. काही बोलले नाहीत.

आज हस्तांतर. ग्रंथपाल मॅडमकडे दोन तक्ते दिले, नोंदींचा आणि दुव्यांचा. नवी नोंद चारही प्रश्नांची उत्तरं असल्याशिवाय पडद्यावर चढत नाही. दुवा वाक्याशिवाय चढत नाही. पुढच्या वर्षाचा भरतीचा तक्ता डिसेंबरात मागवून भरायचा, त्याची जबाबदारी सहायक ग्रंथपालांनी घेतली आहे. फाइल भरली नाही तर १ जानेवारीपासून वरची ओळ आपोआप लपेल आणि सगळे थर सारख्या उजेडात दिसतील, चुकीची वेळ दाखवणार नाही.

वहीत वाचकांच्या सूचना येऊ लागल्या आहेत. बोईट मासा नाही, अशी तक्रार. विटाव्याच्या बाजूचे जुने फोटो कुणाकडे तरी आहेत. सातवीतल्या एका मुलीने दुवाच लिहून दिलाय, 'प्लास्टिक तिवराच्या मुळांना गुदमरवतं', तिन्ही रकाने बरोबर भरून. तिवराची श्वसनमुळं चिखलातून वर येतात आणि ती झाकली की झाड मरतं, हे तिला कुठे कळलं विचारायचं आहे. ओळ तक्त्यात घातली. प्लास्टिकची नोंद अजून लिहायची आहे.